अपुरी राहिलेली पदवी आणि परीक्षेद्वारे मिळणारे श्रेयांक : निवड कशी करावी?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे आप्तस्वकीय आज अमेरिकेत वास्तव्यास आहेत. त्यांपैकी कित्येकांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सुटलेले असते. कोणी द्वितीय वर्ष बी.कॉम.ला असताना वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी धरली, कोणाचे लग्न ठरले, तर कोणी पदविका घेऊन परदेशी जहाजावर वा रुग्णालयात रुजू झाले. पुढे त्या देशात घर उभे राहते, मुले शाळेत जाऊ लागतात आणि वयाच्या चाळिशीत एके दिवशी कळते की, वरच्या पदासाठी अनुभव पुरेसा आहे, परंतु पदवी नाही. अशा वेळी 'परीक्षा द्या आणि पदवी पूर्ण करा' असा सल्ला चहूकडून मिळू लागतो.

हा सल्ला खोटा नाही. तथापि तो अर्धवट आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे वर्गात न बसता, केवळ परीक्षा उत्तीर्ण होऊन काही विषयांचे श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, मिळवू देतात. परंतु कोणती परीक्षा द्यावी हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सोडवला, तर पैसा आणि रात्रीची जागरणे दोन्ही वाया जातात. म्हणून ही पद्धत काय आहे आणि तिच्यातून योग्य निवड कशी करावी, हे येथे क्रमाने पाहू.

ही पद्धत काय आहे?

अमेरिकेत पदवीचे मोजमाप वर्षांनी होत नाही, श्रेयांकांनी होते. सर्वसाधारणपणे पदवीसाठी १२० श्रेयांक लागतात व एका सत्राचा एक विषय बहुधा तीन श्रेयांकांचा असतो. म्हणजे सुमारे चाळीस विषय पूर्ण केले की पदवी पूर्ण होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले व त्यांच्यापैकी अनेकांनी महाविद्यालयाची वाट धरली. त्यांनी सैन्यात जे शिकून घेतले होते त्याचे शैक्षणिक मोल किती, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या १९१८ साली स्थापन झालेल्या संस्थेने असे मोल ठरवण्याचे काम हाती घेतले. आजही एखाद्या परीक्षेला किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस ही संस्था करते. मात्र ती केवळ शिफारस असते. ती मानायची की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते.

या परीक्षांमध्ये सर्वांत परिचित आहे ती कॉलेज बोर्डाची 'कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम'. तिला सर्वत्र 'क्लेप' असेच म्हणतात. ती १९६७ साली सुरू झाली. तिच्या चौतीस परीक्षा आहेत. त्यांत साहित्य व लेखन, परकीय भाषा, इतिहास व सामाजिक शास्त्रे, विज्ञान व गणित आणि व्यवसाय-व्यवस्थापन असे गट पडतात. बहुतेक परीक्षा संगणकावर, सुमारे दीड तासाच्या आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. गुण २० ते ८० या मापावर दिले जातात व बहुतेक विषयांत ५० गुणांना श्रेयांक देण्याची शिफारस आहे. अनुत्तीर्ण झाल्यास तीच परीक्षा तीन महिन्यांनंतर पुन्हा देता येते.

दुसरी परीक्षा 'डी.एस.एस.टी.' या नावाने ओळखली जाते. ती मुळात सैनिकांसाठी निघाली व पुढे सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात तीसहून अधिक विषय आहेत आणि त्यांत जगातील धर्मांची ओळख हाही एक विषय आहे. दोन्ही परीक्षांचे शुल्क प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास असते व परीक्षा केंद्र आपले शुल्क वेगळे घेते. याउलट तोच तीन श्रेयांकांचा विषय वर्गात बसून करायचा, तर स्वस्त कम्युनिटी कॉलेजातही काहीशे डॉलर आणि खासगी विद्यापीठात हजारो डॉलर पडतात. या परीक्षांचे आकर्षण कोठून येते हे यावरून ध्यानात यावे.

प्रथम विद्यापीठ, मग परीक्षा

बहुतेक जण येथेच चुकतात. ते परीक्षांची यादी समोर घेतात, त्यांतील सोप्या वाटणाऱ्या निवडतात, आठ-दहा परीक्षा उत्तीर्ण होतात आणि मग गुणपत्रक घेऊन विद्यापीठाच्या दारी जातात. तेथे त्यांना कळते की, अर्ध्या परीक्षा या विद्यापीठाला मान्य नाहीत आणि उरलेल्यांपैकी काहींचा त्यांच्या पदवीशी संबंध नाही.

बुरूज बांधायला निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अपुरे राहते, हा प्रभू येशूचा दृष्टान्त (लूक १४:२८-३०) आपण अनेकदा ऐकला आहे. पदवीच्या बाबतीत हिशेबाचा क्रम असा असावा :

पहिली पायरी : मिळवलेले शिक्षण मोजून घ्यावे. भारतात पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाचे मूल्यांकन अमेरिकेत करून घेता येते. हे काम वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्था करतात. मूल्यांकन 'कोर्स-बाय-कोर्स', म्हणजे विषयवार, मागावे. नुसत्या 'इतकी वर्षे शिक्षण' अशा दाखल्याने विषय मोजले जात नाहीत. आपल्या विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मिळण्यास वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वप्रथम सुरू करावे.

दुसरी पायरी : मान्यताप्राप्त विद्यापीठ निवडावे. त्याची अधिस्वीकृती कोणत्या संस्थेची आहे व ती अमेरिकन शिक्षण खात्याने मानलेली आहे का, हे स्वतः तपासावे. प्रौढांची अर्धवट पदवी पूर्ण करून देणे हाच ज्यांचा मूळ हेतू, अशा तीन संस्था प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्क राज्यात १९७१ साली सुरू झालेले व आज एक्सेलसियर विद्यापीठ या नावाने चालणारे विद्यापीठ, न्यू जर्सीचे १९७२ सालचे थॉमस एडिसन स्टेट विद्यापीठ आणि कनेक्टिकटचे १९७३ सालचे चार्टर ओक स्टेट कॉलेज. बाहेरून आणलेले श्रेयांक स्वीकारण्याबाबत या संस्था उदार आहेत. थॉमस एडिसन विद्यापीठाच्या तर स्वतःच्याही श्रेयांक-परीक्षा आहेत.

तिसरी पायरी : विद्यापीठाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, परीक्षेद्वारे जास्तीत जास्त किती श्रेयांक चालतील? दोन, किमान किती श्रेयांक याच विद्यापीठात पूर्ण करावे लागतील? अनेक ठिकाणी ही मर्यादा तीसच्या आसपास असते. तीन, वरच्या स्तराचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या तोडीचे, किती श्रेयांक आवश्यक आहेत? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण क्लेपच्या परीक्षा जवळजवळ सर्व पहिल्या दोन वर्षांच्या स्तराच्या आहेत. डी.एस.एस.टी.च्या काही मोजक्या विषयांना वरचा स्तर मिळतो. म्हणजे केवळ परीक्षांच्या बळावर पदवीचा वरचा मजला बांधता येत नाही.

रिकाम्या जागांचा तक्ता

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीने मुंबईत द्वितीय वर्ष बी.कॉम. पूर्ण केले आणि विवाहानंतर ती न्यू जर्सीत गेली. विषयवार मूल्यांकनात तिचे ६० श्रेयांक मान्य झाले. तिला व्यवसाय-व्यवस्थापनाची १२० श्रेयांकांची पदवी हवी आहे. म्हणजे ६० उरले. त्यांपैकी ३० त्याच विद्यापीठात करणे बंधनकारक आहे. तेव्हा परीक्षेसाठी फार तर ३० ची जागा शिल्लक राहते.

विद्यापीठाच्या सल्लागाराने तिला पदवीचा आराखडा दिला. त्यात लेखाकर्म, अर्थशास्त्र व वाणिज्य कायदा या जागा भारतातील अभ्यासाने भरल्या आहेत. खालच्या स्तरातील रिकाम्या जागा अशा आहेत : इंग्रजी लेखन ६, विज्ञान ६, गणित ३ आणि अमेरिकेचा इतिहास ३. एकूण १८ श्रेयांक. उरलेले ४२ वरच्या स्तराचे व मुख्य विषयाचे आहेत आणि ते वर्गात वा ऑनलाइन शिकूनच करावे लागतील.

आता चौतीस परीक्षांची यादी आपोआप चारवर येते : 'कॉलेज कॉम्पोझिशन', 'नॅचरल सायन्सेस', 'कॉलेज अल्जेब्रा' आणि 'हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स'चा पहिला भाग. पहिल्या दोहोंना प्रत्येकी सहा व पुढच्या दोहोंना प्रत्येकी तीन श्रेयांकांची शिफारस आहे. बेरीज १८. खर्च सुमारे चारशे डॉलर व केंद्राचे शुल्क. तेच १८ श्रेयांक प्रत्येकी तीनशे डॉलर दराने घेतले असते, तर ५,४०० डॉलर झाले असते.

याच भगिनीने मैत्रिणीच्या सल्ल्याने अर्थशास्त्र आणि लेखाकर्माच्या परीक्षा दिल्या असत्या, तर ती कदाचित सहज उत्तीर्ण झाली असती. परंतु ते विषय आधीच मोजले गेले असल्याने दुसऱ्यांदा श्रेयांक मिळाले नसते. जी परीक्षा सर्वांत सोपी वाटते, तीच बहुधा आपण आधी शिकलेल्या विषयाची असते. म्हणून सोपेपणा ही पहिली कसोटी ठेवू नये. आधी जागा रिकामी आहे का ते पाहावे, मग सोपेपणा.

भारतातून गेलेल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. अमेरिकेचा इतिहास व शासनव्यवस्था हे विषय आपल्याला शाळेपासून शिकवलेले नसतात, पण काही राज्यांत ते चुकवता येत नाहीत. उदाहरणार्थ, टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांत हे दोन्ही विषय कायद्याने आवश्यक आहेत. तेव्हा त्यांच्या तयारीला अधिक वेळ ठेवावा. दुसरी गोष्ट भाषेची. क्लेपमध्ये परकीय भाषा म्हणून फक्त स्पॅनिश, फ्रेंच व जर्मन आहेत. पण अन्य भाषांच्या मौखिक प्रावीण्य चाचण्याही असतात आणि त्यांत हिंदीचा समावेश आहे. पदवीत भाषेची जागा रिकामी असेल, तर विद्यापीठ अशी चाचणी मानते का, हे अवश्य विचारावे.

कोणते विषय वर्गात शिकावेत?

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिन येथे विद्यापीठाच्या संकल्पनेवर व्याख्याने दिली. ती आज जगभर वाचली जातात. न्यूमन २०१९ साली संतपदी गेले आणि २०२५ साली पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारे विद्यापीठ न्यूमन यांना मुळीच रुचत नव्हते. तरुणांना नुसते एकत्र राहू दिले व एकमेकांकडून शिकू दिले, तरी ते अशा परीक्षायंत्रापेक्षा बरे, असा त्यांचा अभिप्राय होता. त्या काळी लंडन विद्यापीठ परीक्षा घेण्याचेच काम करीत असे आणि १८५८ पासून तर महाविद्यालयात न गेलेल्यांनाही ते परीक्षेस बसू देऊ लागले. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ साली त्याच नमुन्यावर उभे राहिले.

न्यूमन यांचा आक्षेप गंभीर आहे व तो टाळून पुढे जाऊ नये. परंतु ते ज्या विद्यार्थ्यांविषयी बोलत होते, ते अठरा-वीस वर्षांचे तरुण होते. वीस वर्षे दुकानाचा हिशेब सांभाळलेल्या किंवा रुग्णसेवेत आयुष्य घालवलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. तिने जे ज्ञान कष्टाने मिळवले आहे, त्याची नोंद मागणे हा तिचा न्याय्य हक्क आहे. प्रत्येक मनुष्याला शिक्षणाचा अविच्छेद्य अधिकार आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात स्पष्ट केले आहे. त्या अधिकाराला वयाची अट नाही.

या दोन्ही विचारांतून निवडीचा एक सरळ नियम हाती येतो. जे आपल्याला आधीच येते, किंवा स्वतः वाचून नीट समजू शकते, त्याची परीक्षा द्यावी. ज्यासाठी शिक्षकाची, चर्चेची आणि कोणीतरी आपले लिखाण तपासून देण्याची गरज आहे, ते वर्गात शिकावे. उदाहरणार्थ, ज्याला इंग्रजीत चार परिच्छेद सुसंगत लिहिता येत नाहीत, त्याने लेखनाची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण होण्यात समाधान मानू नये. पुढच्या प्रत्येक विषयात त्याला ती उणीव जाणवत राहील.

सावध राहण्याच्या काही जागा

विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या तरुणांनी विशेष जपावे. त्यांना प्रत्येक सत्रात ठरावीक किमान अभ्यास, पदवी स्तरावर सामान्यतः १२ श्रेयांक, वर्गात नोंदवावा लागतो. परीक्षेने मिळवलेले श्रेयांक त्या संख्येत धरले जात नाहीत.

वैद्यकीय, परिचर्या वा तत्सम अभ्यासक्रमांकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र परीक्षेद्वारे करण्यापूर्वी पुढील संस्थेला विचारावे. अशा अनेक संस्थांना प्रयोगशाळेसह वर्गात केलेलाच विषय हवा असतो. तसेच परीक्षेचे श्रेयांक बहुधा सरासरी गुणांकात मोजले जात नाहीत. ज्यांना आपली सरासरी वाढवायची आहे, त्यांना या मार्गाचा उपयोग नाही.

अखेरची सूचना भारतात परतण्याचा विचार असणाऱ्यांसाठी. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळवलेल्या परदेशी पदवीला भारतात समकक्षता देण्याचे नियम कडक आहेत. येथे सरकारी नोकरी वा उच्च शिक्षण घ्यायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आधी वाचावेत.

आणि जी संस्था अनुभवाच्या नावाखाली आठवडाभरात पूर्ण पदवी विकते, तिच्यापासून दूर राहावे. प्रामाणिक विद्यापीठ परीक्षा घेते, मर्यादा सांगते आणि काही विषय तरी आपल्याकडे शिकायला लावते. तीच त्याची खूण आहे.

तयारी आणि खर्च

'मॉडर्न स्टेट्स' ही अमेरिकेतील धर्मादाय संस्था क्लेपच्या विषयांचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य देते आणि अभ्यास पूर्ण करणाऱ्यांना परीक्षा-शुल्काचे व्हाउचरही देत आली आहे. सैन्यात सेवा करणाऱ्यांना परीक्षा-शुल्कात सवलत असते. सार्वजनिक ग्रंथालयांत तयारीची पुस्तके मिळतात. पहिली परीक्षा अशी निवडावी की, जिची जागा निश्चित रिकामी आहे आणि जिचा विषय आपल्याला सर्वांत जवळचा आहे. एक परीक्षा उत्तीर्ण झाली की आत्मविश्वास येतो. त्यानंतर अवघड विषयास हात घालावा. एका वेळी एकच परीक्षा ठेवावी, आणि सराव-परीक्षेत सातत्याने गुण मिळू लागल्याशिवाय शुल्क भरू नये.

परीक्षार्थींचे आश्रयदाते संत जोसेफ कुपर्तिनो (१६०३-१६६३) यांची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. अभ्यासात मंद असलेल्या या फ्रान्सिस्कन बंधूंना, परंपरा सांगते त्याप्रमाणे, परीक्षेत नेमका तोच उतारा विचारला गेला, जो त्यांना उत्तम येत होता. १८ सप्टेंबरला त्यांचा सण असतो. परीक्षेच्या दिवशी त्यांची मध्यस्थी जरूर मागावी. मात्र विद्यापीठाचा आराखडा आणि रिकाम्या जागांचा तक्ता आपणच तयार करावा.

आपल्याकडील स्थिती

हे वाचून महाराष्ट्रातील वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, आपल्याकडे असे काही आहे काय? केवळ परीक्षा देऊन सुटे श्रेयांक गोळा करण्याची अमेरिकेसारखी व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नाही. तथापि त्या दिशेने काही पावले पडली आहेत. १९८५ चे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी नोकरी करणाऱ्यांसाठी पदवीचे दार उघडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली व विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवण्याची सोय झाली. 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची परीक्षा देऊन मिळवलेले श्रेयांक, संबंधित विद्यापीठ मान्य करील त्या प्रमाणात व चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत, पदवीत धरता येतात. येथेही नियम तोच : प्रथम विद्यापीठाला विचारावे, मगच अभ्यासक्रम निवडावा.

ज्यांची पदवी अपुरी राहिली, त्यांनी बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी सुखासाठी ती अपुरी ठेवली होती. धाकट्या भावंडांची फी भरली, आईचे औषधपाणी केले, लेकरे वाढवली. त्या वर्षांचे श्रेयांक कोणतेही विद्यापीठ देणार नाही. परंतु उरलेल्या विषयांची वाट मात्र आज पूर्वीपेक्षा सोपी आहे. आपल्या घरात किंवा परदेशी असलेल्या आप्तांत असे कोणी असेल, तर त्यांना हा लेख अवश्य वाचायला द्यावा आणि मूल्यांकनाचा पहिला अर्ज भरायला त्यांच्या शेजारी बसावे. परमेश्वर त्यांच्या कष्टांना यश देवो.